मितभाषी यंत्रं : प्रस्तावना

पेसमेकरमधला रेडिओ सेकंदभर चालू ठेवायला जेवढी ऊर्जा लागते, तेवढीत हृदयाचे साडेचार हजारांहून अधिक ठोके पाडता येतात. वाचताना ही अतिशयोक्ती वाटेल, म्हणून आधी हिशेब मांडतो. हृदयाच्या स्नायूला आकुंचन पावायला लावणारा विजेचा झटका साधारण २ व्होल्टचा आणि ०.४ मिलिसेकंदांचा असतो. वाटेतला रोध ५०० ओहम धरला, तर एका झटक्याला ३.२ मायक्रोज्यूल लागतात. शरीरात बसवायच्या रेडिओची चिप बोलत किंवा ऐकत असताना ५ मिलिअँपिअरच्या आसपास वीज ओढते. ३ व्होल्टला ते १५ मिलिवॉट, म्हणजे सेकंदाला १५ मिलिज्यूल झाले. भागाकार केला की उत्तर येतं ४,६८७. मिनिटाला ७० ठोके धरले, तर तासाभराहून जास्त वेळ हृदय चालवणारी वीज एका सेकंदाच्या बोलण्यात उडते. प्रत्यक्षात झटका तयार करताना काही वीज वाया जाते आणि हृदयाच्या लयीवर पहारा ठेवणारं सर्किटही आपला वाटा घेतं, त्यामुळे फरक इतका टोकाचा राहत नाही. तरी निष्कर्ष बदलत नाही. या यंत्रांमध्ये उपचार स्वस्त आणि बोलणं महाग आहे.

हे पुस्तक त्या महागाईबद्दल आहे.

बॅटरी संपणं म्हणजे काय, हे ज्यांच्या घरात पेसमेकर आहे त्यांना सांगावं लागत नाही. आपल्याकडे सर्रास ‘बॅटरी बदलली’ म्हणतात, पण बदलतात तो अख्खा डबा. टायटॅनियमच्या हवाबंद डब्यात सर्किट आणि बॅटरी एकत्र सीलबंद असतात. तो उघडायची सोय नसते आणि असूही नये, कारण रक्तामांसातला ओलावा आत शिरला तर सगळंच संपलं. म्हणून पुन्हा भूल, गळ्याच्या हाडाखाली पुन्हा छेद, जुना डबा बाहेर, नवा आत, हृदयातल्या तारा शाबूत असतील तर त्या नव्याला जोडायच्या. शस्त्रक्रिया छोटी असते, पण पहिल्या वेळेपेक्षा अशा बदलाच्या वेळी जंतुसंसर्गाचा धोका जास्त असतो. पंच्याहत्तरीतल्या माणसाला, मधुमेह असलेल्याला, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असलेल्याला ही ‘छोटी’ शस्त्रक्रिया छोटी राहत नाही. बॅटरीचं एक वर्ष वाचवणं हे अभियंत्याचं शौकाचं काम नाही, एवढं सुरुवातीलाच स्पष्ट असलेलं बरं.

गंमत अशी, की कातडीच्या आरपार बिनतारी मार्गाने सर्वांत आधी गेली ती वीज. निरोप नंतर आले. ८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्वीडनमध्ये, स्टॉकहोमजवळच्या कॅरोलिन्स्का रुग्णालयात, शल्यविशारद ओके सेनिंग यांनी आर्ने लार्सन या ४३ वर्षांच्या माणसाच्या शरीरात पहिला पेसमेकर बसवला. तो रूने एल्मक्विस्ट या अभियंत्याने तयार केला होता. आत निकेल-कॅडमियमच्या पुन्हा चार्ज होणाऱ्या बॅटऱ्या होत्या आणि बाहेरून कातडीवर गुंडाळी धरून त्या चार्ज करायच्या होत्या. ते यंत्र काही तासच चाललं. लार्सन मात्र २००१ पर्यंत जगले. त्या ४३ वर्षांत त्यांच्या शरीरात पंचवीसच्या आसपास पेसमेकर बसले आणि निघाले. एल्मक्विस्ट आणि सेनिंग दोघेही त्यांच्याआधी गेले. लार्सन यांच्या आयुष्याचा हा आकडा माझ्या मते या विषयाचा खरा आरंभबिंदू आहे. प्रत्येक यंत्र थोडं जास्त टिकलं असतं, तर त्यांच्या छातीवर किती कमी वेळा सुरी चालली असती!

पुढची दोन दशकं बॅटरीच्या रसायनाची आहेत. अमेरिकेत विल्सन ग्रेटबॅच यांनी पाऱ्याच्या बॅटरीवर चालणारा पेसमेकर केला. त्या बॅटऱ्या दीडदोन वर्षांत मान टाकत. मग काहींनी थेट प्लुटोनियम वापरलं. १९७० मध्ये पॅरिसमध्ये असा अणुऊर्जेवरचा पेसमेकर माणसाला बसवला गेला. टिकाऊपणाचा प्रश्न त्याने सोडवला, पण किरणोत्सारी डबा घेऊन फिरणाऱ्या माणसाचा प्रवास, मृत्यू आणि दहन हे सगळेच नवे प्रश्न झाले. शेवटी बाजी मारली लिथियम-आयोडीन बॅटरीने. १९७२ नंतर ती आली आणि पेसमेकर आठदहा वर्षं टिकू लागला. साधारण १ अँपिअर-तासाची बॅटरी आणि सरासरी १० मायक्रोअँपिअर खर्च, म्हणजे एक लाख तास, म्हणजे अकरा वर्षांपेक्षा थोडं जास्त. प्रश्न मिटला, असं वाटलं.

मग यंत्रांना बोलायला शिकवलं.

सुरुवातीचं बोलणं अगदी जवळचं होतं. रुग्णालयात तारेची गुंडाळी असलेला एक सपाट दांडा छातीवर नेमक्या जागी टेकवायचा, की चुंबकीय प्रेरणेने आतल्या यंत्राशी संवाद होई. त्याचा पल्ला काही सेंटिमीटर आणि वेग कमी, पण आतल्या यंत्राला त्याची झळ फारशी लागत नसे. अडचण निराळी होती. माणसाला दर काही महिन्यांनी रुग्णालयात यावं लागे. गडचिरोलीच्या किंवा नंदुरबारच्या माणसाने पाच मिनिटांच्या तपासणीसाठी नागपूर-नाशिक गाठायचं, सोबत घरातल्या एकाने त्या दिवसाच्या रोजंदारीवर पाणी सोडायचं. शिवाय हृदयाची लय बिघडली तर ते पुढच्या तपासणीतच कळणार. यंत्राने घरातल्या एखाद्या खोक्याशी आपणहून बोलावं आणि त्या खोक्याने डॉक्टरला कळवावं, ही मागणी रास्तच होती.

त्यासाठी १९९९ मध्ये अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने ४०२ ते ४०५ मेगाहर्ट्झचा पट्टा शरीरातल्या यंत्रांसाठी खुला केला. हा पट्टा आधी हवामानाच्या फुग्यांचा. फुगे आकाशात ओरडतात, ही यंत्रं कुजबुजतात, म्हणून दोघांचं जमलं. प्रक्षेपणाची कमाल मर्यादा ठेवली २५ मायक्रोवॉट. हाच पट्टा का निवडला, याचं उत्तर शरीरात आहे. आपण म्हणजे बव्हंशी खारट पाणी, आणि खारट पाणी रेडिओलहरी पिऊन टाकतं. वारंवारता जितकी जास्त, तितकं शोषण जास्त. ती कमी केली तर अँटेना मोठी लागते, आणि डब्यात जागा नसते. हवेत ४०२ मेगाहर्ट्झची लहर सुमारे ७५ सेंटिमीटर लांब असते, तर स्नायूमध्ये ती आखडून १० सेंटिमीटरच्या घरात येते. त्यामुळे छोटी अँटेनाही कशीबशी चालून जाते. हा पट्टा सर्वोत्तम नाही. दोन गैरसोयींमधली ती तडजोड आहे.

आता इथे एक गोष्ट नीट पाहायला हवी, कारण अभियांत्रिकीचे विद्यार्थीसुद्धा इथे फसतात. बाहेर पडणारी शक्ती जेमतेम २५ मायक्रोवॉट. मग १५ मिलिवॉट जातात कुठे? ते जातात रेडिओ जागा ठेवण्यात : स्फटिकाचा दोलक, वारंवारता स्थिर धरणारं सर्किट, क्षीण संकेत मोठा करणारे प्रवर्धक. लांब पल्ल्याच्या प्रक्षेपणात खर्च आवाज चढवण्यावर होतो. दोन-तीन मीटरच्या पल्ल्यात तो नुसतं तोंड उघडं ठेवण्यावर होतो. आणि कानावरही तितकाच. ऐकणं बोलण्याइतकंच महाग पडतं. कोणी हाक मारील म्हणून रेडिओ सतत ऐकत ठेवला, तर १ अँपिअर-तासाची अकरा वर्षांची बॅटरी २०० तासांत, सव्वाआठ दिवसांत, रिकामी होईल.

म्हणून शरीरातल्या संवादाची सगळी कला झोपेची कला आहे. जुन्या वाड्याच्या मोठ्या दरवाजात एक लहानशी दिंडी असते. रात्री कोणी हाक मारली तर पहारेकरी दिंडीतून डोकावतो आणि माणूस ओळखीचा निघाला तरच अडसर काढतो. झारलिंक या कॅनडातल्या कंपनीने काढलेल्या झेडएल-७०१०१ या चिपमध्ये नेमकी अशी व्यवस्था होती. मुख्य रेडिओ पूर्ण झोपलेला. एक अगदी साधा, ठोकळ ग्राहक ठरावीक अंतराने क्षणभर जागा होऊन २.४५ गिगाहर्ट्झवर हाक आहे का, एवढंच पाहतो. त्या वारंवारतेवर बाहेरच्या यंत्राला मोठ्याने बोलायची मुभा असते, म्हणून आतला कान तिखट नसला तरी चालतं. या डोकावण्याचा सरासरी खर्च पाव मायक्रोअँपिअर. दहा वर्षांत तो होतो २२ मिलिअँपिअर-तास, म्हणजे बॅटरीचे दोन टक्के. सव्वाआठ दिवसांवरून आपण इथवर आलो, तेही रेडिओ फारसा न सुधारता, फक्त त्याला झोपायला लावून.

याच विचाराची बाकीची अंगं पुढच्या प्रकरणांत सविस्तर येतील. जागं झाल्यावर हळू बोलण्यापेक्षा भरभर बोलून पुन्हा झोपणं स्वस्त पडतं, कारण खर्च शब्दांचा कमी आणि जागेपणाचा जास्त. कोणता चॅनेल मोकळा आहे हे शोधायचं काम नियमानेच बाहेरच्या यंत्राकडे दिलेलं आहे, कारण त्याला भिंतीतल्या सॉकेटचा आधार आहे. तातडीचा प्रसंग सोडला तर आतल्याने आधी बोलायचंच नाही. अलीकडे मोबाइलशी थेट ब्लूटूथने बोलणारे पेसमेकर आले आहेत आणि त्यांनी हा शिरस्ता उलटा केला. ते अधूनमधून क्षणार्धाची हाळी देतात नि झोपतात. सतत ऐकत राहायचं काम फोनचं. दोन्हींचं मर्म एकच : ज्याची बॅटरी रोज रात्री चार्ज होऊ शकते, त्याने जागायचं.

बॅटरी हाही मुका डबा नसतो. लिथियम-आयोडीनने पेसमेकरला दीर्घायुष्य दिलं खरं, पण तिचा एक स्वभाव रेडिओला मानवत नाही. वापराबरोबर तिच्या आत लिथियम आयोडाइडचा थर वाढत जातो आणि अंतर्गत रोध हजारो ओहमांवर जातो. १,००० ओहमांमधून ५ मिलिअँपिअर ओढायचे म्हटले तर ५ व्होल्ट आतच खर्ची पडतील, आणि ही बॅटरी आहे मुळात २.८ व्होल्टची! थेंब थेंब द्यायला ती अव्वल, पण घोट मागितला की तिला धाप लागते. मग कपॅसिटरमध्ये वीज साठवून ठेवा, किंवा बॅटरीचं रसायनच बदला. उत्पादकांनी बहुतेक दुसरा मार्ग धरला. रेडिओच्या दोनचार सेकंदांच्या हौसेसाठी तीस वर्षं मुरलेलं रसायन बाजूला ठेवावं लागलं. बोलण्याची किंमत अशीही मोजावी लागते.

काही यंत्रांनी बॅटरीलाच रजा दिली. कानातल्या कॉक्लिअर इम्प्लांटच्या आतल्या भागात बॅटरी नसते. कानामागच्या गुंडाळीतून वीज आणि आवाजाची माहिती एकाच वाटेने आत जाते. पण बॅटरी शरीरातून गेली म्हणजे संसारातून गेली असं नाही. केंद्र सरकारच्या एडिप योजनेतून मुलाची शस्त्रक्रिया होते. त्यानंतर बाहेरच्या प्रोसेसरची बॅटरी, केबल, गुंडाळी हा खर्च घरच्यांच्या खिशात येऊन बसतो. ऊर्जेचा भार कोणाकडे ढकलला, हा प्रश्न केवळ सर्किटच्या आकृतीत सुटत नाही. याहून देखणं उदाहरण कार्डिओमेम्स या संवेदकाचं. फुप्फुसाच्या धमनीत बसवायच्या या चिमुकल्या तुकड्यात बॅटरी नाही आणि बोलणारा रेडिओही नाही. आहे फक्त गुंडाळी आणि कपॅसिटर. रक्ताचा दाब बदलला की कपॅसिटरची पट्टी दबते आणि तुकड्याची स्वाभाविक वारंवारता सरकते. रुग्णाने अँटेना बसवलेल्या उशीवर पडून राहायचं. उशी लहर सोडते आणि तुकडा कोणत्या वारंवारतेला साद देतो ते पाहून दाब सांगते. २०१४ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. मला विचाराल तर या सगळ्या क्षेत्रातली ही सर्वांत सुंदर रचना, कारण आतल्या यंत्राला एकही शब्द उच्चारावा लागत नाही.

रेडिओला फाटा देणारी आणखी एक वाट २०२३ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या अ‍ॅव्हेअर या जोड पेसमेकरने घेतली. तारा नसलेली दोन कॅप्सूलसारखी यंत्रं, एक हृदयाच्या वरच्या कप्प्यात, एक खालच्या. दर ठोक्याला त्यांनी एकमेकांना कळवायचं, म्हणजे दिवसाला लाखभर वेळा. रेडिओने हे केलं असतं तर बॅटरीचा फडशा पडला असता. ती यंत्रं रक्त आणि स्नायूंतूनच सूक्ष्म विद्युत्-स्पंदनं पाठवतात, आणि तीही स्नायू प्रतिसाद देऊ शकत नाही अशा नेमक्या क्षणी. ज्या खारट पाण्याने रेडिओला सतावलं, त्यालाच तार करून टाकलं.

मेंदूत बसवायच्या यंत्रांकडे वळलं की हे सगळे हिशेब तोकडे पडतात. न्यूरालिंक या कंपनीच्या यंत्रात १,०२४ इलेक्ट्रोड आहेत. सेकंदाला २०,००० नमुने, नमुन्याला १० बिट, म्हणजे सेकंदाला वीस कोटींहून जास्त बिट. वर सांगितलेल्या ५ मिलिअँपिअरच्या चिपचा कमाल वेग सेकंदाला ८ लाख बिटांचा. म्हणजे एका बिटाला सुमारे १९ नॅनोज्यूल. त्या दराने सगळं बाहेर पाठवायचं तर जवळजवळ ४ वॉट लागतील. कवटीच्या आत ४ वॉटची उष्णता! शरीरातल्या यंत्राचा पृष्ठभाग शरीराच्या तापमानापेक्षा २ अंश सेल्सिअसहून जास्त तापू नये, असा दंडक आहे. इथे बॅटरी संपण्याआधी ऊतीच होरपळेल. म्हणून माहिती आतच चाळायची. चेतापेशी कधी कडाडली तेवढं टिपायचं आणि मधला गोंगाट टाकून द्यायचा. २०२४ मध्ये या कंपनीने जाहीर आव्हान दिलं : हीच नोंद, एकही बिट न गमावता, दोनशेपट लहान करून दाखवा. ते मला उथळ वाटलं. अशा नोंदीत बराचसा भाग निव्वळ गोंगाट असतो, आणि गोंगाट शाबूत ठेवून आकुंचित करता येत नाही. काय पाठवायचं नाही हे ठरवण्यातच खरं काम आहे, आणि ते ठरवायला मेंदूविज्ञान लागतं, नुसती दाबून भरण्याची युक्ती पुरत नाही.

सुरक्षिततेचं प्रकरण काही वाचकांना अस्थानी वाटेल. ते तसं नाही. २००८ मध्ये केव्हिन फू, तादायोशी कोहनो आणि सहकाऱ्यांनी प्रयोगशाळेत दाखवून दिलं की शरीरात बसवायच्या त्या वेळच्या एका डिफिब्रिलेटरशी बाहेरचा माणूस रेडिओने बोलू शकतो. धोका फक्त चुकीच्या आज्ञेचा नाही. अनोळखी माणसाने वारंवार दार ठोठावून यंत्राला जागंच ठेवलं, तरी बॅटरी संपते. ‘तू कोण’ हे विचारायलाही वीज लागते. त्या गटाने सुचवलेला उपाय म्हणूनच मला पटतो : ओळख पटवण्याची वीज ठोठावणाऱ्याच्याच लहरींतून काढायची, आतल्या बॅटरीला हात लावायचा नाही. २०१७ मध्ये अमेरिकेत सुमारे ४ लाख ६५ हजार पेसमेकरांचं सॉफ्टवेअर सुरक्षेसाठी बदलावं लागलं, तेव्हा बॅटरी झपाट्याने उतरवली जाण्याची शक्यता हेही त्यामागचं एक कारण होतं.

उरलेल्या विजेची किंमत काय असते, ते मुंबईत दिसलं आहे. शिकागो परिसरात मृत्यूनंतर काढलेले, ७० टक्क्यांहून अधिक बॅटरी शिल्लक असलेले पेसमेकर निर्जंतुक करून मुंबईच्या होली फॅमिली रुग्णालयात ५३ गरीब रुग्णांना बसवले गेले. त्याचा अहवाल २०११ मध्ये एका अमेरिकन हृदयरोगविषयक नियतकालिकात आला आणि निष्कर्ष समाधानकारक होते. एकाच्या छातीत न खर्चलेली वर्षं दुसऱ्याच्या कामी आली. एरवी आपल्याकडे अग्नी देण्याआधी पेसमेकर काढतात तो बॅटरी फुटू नये म्हणून. पुढे त्याचं काय होतं, हे कोणी विचारत नाही.

हे पुस्तक अभियंत्यांपुरतं नाही. सूत्रांची धास्ती असलेल्यांनी रेडिओच्या अंतरंगावरची प्रकरणं खुशाल ओलांडावीत. बॅटरी आणि सुरक्षिततेवरची मात्र ओलांडू नयेत. आणि ज्यांच्या घरात असं यंत्र आहे, त्यांना एक विनंती. तपासणीनंतर यंत्रातून निघणाऱ्या छापील कागदावर बॅटरीचं अंदाजे उरलेलं आयुष्य लिहिलेलं असतं. तो कागद फाइलमध्ये लावण्याआधी वाचा आणि मागच्या वेळच्या आकड्याशी ताडून पाहा. आयुष्य अपेक्षेपेक्षा भरभर उतरत असेल, तर झटक्याचा व्होल्टेज कमी करता येईल का आणि यंत्र किती वेळा आपणहून बोलतं, हे दोन प्रश्न डॉक्टरांना विचारा. बदलायची वेळ आल्याची खूण यंत्राने दिल्यावर साधारण तीन महिन्यांचा अवधी असतो. त्या खुणेची वाट न पाहता ही चौकशी झालेली बरी.